‘पोराचा सबक अर्ध्या पानावर आला, तो नवा क्लास बंद करायला सांगू का?’

पत्र:

मावशी, अस्सलामु अलैकुम. आम्ही कोल्हापुरात सदर बाजारात राहतो. मिस्टर उद्यमनगरात लेथवर आहेत, मी घरी फॉल-पिको करते. मोठा मुलगा १३ वर्षांचा आहे. पाचवी मराठी शाळेतनं पास झाला आणि मग शेजारच्या जिल्ह्यातल्या एका निवासी मदरशात हिफ्जला, म्हणजे कुराण पाठ करायला, ठेवला. १४ पारे, म्हणजे कुराणाचे भाग, झालेत. दुपारी उर्दू, गणित, थोडं इंग्लिश पण शिकवतात. गणपती झाल्यावर तिथं ‘लाइफ स्किल’ म्हणून एक नवीन तास सुरू केलाय, त्यात बटण लावणं, स्वयंपाक, बँकेची स्लिप भरणं, चार लोकांत उभं राहून बोलणं असं काय काय असतं. पालक मीटिंगला मोठ्या मौलानांनी सांगितलं की इंडोनेशियातले मोठमोठे मदरसे असंच करतात. आता शशमाहीचा, म्हणजे सहामाहीचा, रिझल्ट आला तर पोरगं हिफ्जमध्ये पण मागे आणि गणितात पण. जुलैपासनं सबक, म्हणजे रोजचा नवा पाठ, एका पानावरून अर्ध्यावर आलाय, उस्ताद म्हणतात सकाळी डुलक्या मारतो. मिस्टर म्हणतात हे त्या क्लासचं खूळ आहे, भांडी घासायला पाठवलंय का हाफिज व्हायला, मी जाऊन सांगतो ह्याला त्यात बसवू नका म्हणून. दीर म्हणतात काढाच तिथनं, इंग्लिश मीडियमला घाला. पोराला विचारलं तर ‘बरंय’ एवढंच म्हणतो. आठ दिवस घरी आलता, रात्रभर खाजवायचा, मी खोबरेल लावून पाठवला. क्लास बंद करायला सांगू का?

उत्तर:

ताई, वालेकुम अस्सलाम. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा मी क्लासवर नाही, इंडोनेशियावर नाही, तर त्या खोबरेलवर अडकले. तुम्ही ते अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच आहे, म्हणून तिथनंच सुरुवात करते.

तुम्हीच लिहिलेल्या तारखा बघा. सबक जुलैपासनं कमी झाला. क्लास गणपतीनंतर, म्हणजे सप्टेंबरात सुरू झाला. मग सप्टेंबरातल्या तासामुळं जुलैतला सबक कसा पडेल? आणि डुलक्या कोण मारतं, ज्याची रात्रीची झोप होत नाही तो. झोप का होत नाही हे तुम्ही आठ रात्री डोळ्यानं बघितलंय.

मी डॉक्टर नाही, पण २२ वर्षं मी मुलांच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि वसतिगृहातली खाज मला चांगली माहीत आहे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, पोरं एकमेकांचा टॉवेल घेतात, गाद्या चिकटून चिकटून असतात, आणि एकाला खरूज झाली की महिन्या-दोन महिन्यात अख्खी खोली खाजवायला लागते. हा किडा एवढा बारीक असतो की डोळ्याला दिसत नाही, तो कातडीच्या आत शिरून बसतो, आणि खाज रात्रीच जास्त सुटते. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला, जांघेत. आता १३ वर्षांचं पोरगं जांघेत खाज आहे हे कोणाला सांगणार सांगा? उस्तादला? अब्बाला?

माझ्याकडे आठवीतला एक मुलगा होता, नाव नको. सहामाहीपर्यंत वर्गात तिसरा-चौथा यायचा आणि नंतर एकदम घसरला. रात्रीच्या अभ्यासाला वहीवर डोकं टेकून झोपायचा. मी त्याला दोनदा सगळ्यांसमोर उभं केलं, घरी पत्र पाठवलं की मुलगा आळशी झालाय. त्याचे वडील एसटीनं दोन गाड्या बदलून आले आणि त्यांनी पण त्याला माझ्यासमोरच दोन लावल्या. तो काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी पाणी गरम करायच्या चुलीपाशी मला दिसलं की तो हाताची बोटं वाफेवर धरून उभा आहे, डोळे मिटून, कारण चटका बसला की खाज तेवढ्यापुरती थांबते. बेचक्यात सगळी फोडं झालती, पिकली होती. मी विचारलं, अरे सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, ‘बाई, सगळ्यांनाच आहे, मग काय सांगायचं.’ खोलीतल्या अकरा पोरांपैकी नऊ जणांना होती आणि नऊच्या नऊ गप्प. त्या वसतिगृहात रोज हजेरी व्हायची, नखं तपासली जायची, श्लोक म्हणून घेतले जायचे, आणि मला कळलं नाही. ते मला अजून टोचतं.

म्हणून आधी हे करा. पोराला आणून कोल्हापूरच्या सीपीआर ह्या सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीला दाखवा, नाहीतर मदरशाजवळच्या सरकारी दवाखान्यात. खरूजच निघाली तर डॉक्टर बहुतेक परमेथ्रिन ५ टक्के असलेलं मलम देतील. ते मानेपासनं पायाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे लावायचं असतं, फक्त खाजतं तिथं नाही. रात्री लावून सकाळी धुवायचं, आणि साधारण आठवड्यानं परत एकदा. किती आणि कसं ते डॉक्टर सांगतील तसंच. पण खरी गोम पुढं आहे. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावलं तर उपयोग, नाहीतर ह्याची जाते आणि शेजारच्याची परत ह्याला येते. घरी आठ दिवस एकत्र झोपलात म्हणजे तुम्ही सगळ्यांनी पण लावायचं, तुम्हाला अजून खाज नसली तरी, कारण पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायला दोन ते सहा आठवडे पण लागतात. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका, जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवा. औषधानंतर दोन-तीन आठवडे खाज राहिली तर घाबरू नका, डॉक्टरला परत दाखवा. आणि मेडिकलवाल्याकडनं अंदाजानं कुठलीही खाजेची ट्यूब आणू नका, स्टिरॉइडच्या ट्यूबनं खाज दबते आणि किडा आत तसाच मजेत राहतो. ह्यात घाण असल्याचा, गरीब असल्याचा काही संबंध नाही, चांगल्या चांगल्या होस्टेलात होते, त्यामुळं मौलानांशी बोलताना लाजू नका आणि त्यांना दोष पण देऊ नका, फक्त सगळ्या खोलीचं एकाच दिवशी करा एवढं म्हणा.

आता क्लासचं. ताई, मला त्या क्लासबद्दल जे वाटतं ते ह्या खाजेतनंच येतं. लाइफ स्किल म्हणलं की आपल्याकडे लोकांना वाटतं शिवणकाम, स्वयंपाक, इंग्लिश बोलणं. ते पण आहेच. पण जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्यं सांगितली, त्यात शिवणकाम नाही, स्वयंपाक नाही. स्वतःला ओळखणं, दुसऱ्याचं दुःख कळणं, नीट विचार करणं, काहीतरी नवीन सुचणं, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, आपलं म्हणणं समोरच्याला कळेल असं सांगणं, नाती सांभाळणं, ताण आणि भावना हाताळणं, अशी ती दहा आहेत. तुमच्या पोराला ह्यातलं एक जरी जमत असतं, म्हणजे ‘उस्ताद, मला रात्री झोप लागत नाही, अंगाला खाज आहे’ हे वाक्य, तर जुलैत औषध झालं असतं आणि शशमाहीला तो मागे पडला नसता. मला सांगायचंय ते एवढंच आहे. घरापासनं लांब राहणाऱ्या पोराच्या रिझल्टला सगळ्यात जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे त्याला सांगता येणं. दुखतंय सांगता येणं, कळलं नाही सांगता येणं, चुकलं सांगता येणं. हुशारी त्याच्या नंतर.

तुमच्या मिस्टरांना हे लेथवरच्या भाषेत सांगून बघा, ते लगेच ओळखतील. नवीन पोरगं कामाला लागलं की दोन प्रकार असतात. एकाचा जॉब, म्हणजे लेथवरचा पीस, बिघडला की तो गुपचूप स्क्रॅपमध्ये टाकतो आणि दुसरा घेतो, तीच चूक परत करतो, आणि महिनाअखेर मालकाला कळतं तोवर पन्नास पीस गेलेले असतात. दुसरा पहिल्याच पीसला येऊन म्हणतो, मिस्त्री, व्हर्निअरला माप जास्त दाखवतंय, बघा की जरा. सहा महिन्यांनी कोणाच्या हातात मिस्त्री महागाचं काम देतो हे मिस्टरांनाच विचारा. हिफ्जचं पण तेच आहे. सबक पुढं चाललाय आणि मागचे पारे कच्चे होत चाललेत, हे पोराला स्वतःला सगळ्यात आधी कळतं. जो सांगतो त्याचा सबक उस्ताद आठ दिवस थांबवून दौर, म्हणजे मागच्याची उजळणी, पक्का करून घेतात, जो माराच्या किंवा शरमेच्या भीतीनं लपवतो तो विसाव्या पाऱ्यावर गेल्यावर एकदम कोसळतो.

आणि एक गोष्ट मला मदरशाची खरंच फार मोलाची वाटते, साध्या शाळेला ती मिळत नाही. साठ पोरांच्या वर्गात बाई एकेकाशी दिवसातनं एक मिनिट बोलत नाहीत. हिफ्जचा प्रत्येक मुलगा रोज एकटा उस्तादसमोर बसतो, सबक ऐकवतो, मग कालपरवाचं ऐकवतो, मग मागचा दौर ऐकवतो. इंडोनेशियातल्या जुन्या पेसांत्रेनमध्ये, म्हणजे तिथल्या निवासी मदरशांत, पण अशी एकेकट्यानं गुरूसमोर बसून किताब वाचायची पद्धत आहे, तिला सोरोगान म्हणतात. आता त्या बसण्यात सुरुवातीला उस्तादनी फक्त दोन वाक्यं विचारली, ‘झोप झाली का? काही दुखतंय का?’ आणि उत्तर ऐकून खरंच काहीतरी केलं, तर वेगळा तास काढायची निम्मी गरज संपते. मोठ्या मौलानांना हे नक्की सुचवा. एवढं मनापासनं नवीन काही करणारा माणूस ऐकून घेईल असं मला वाटतं.

मौलाना इंडोनेशियाचं जे म्हणाले ते बरोबर आहे. पूर्व जावात पोनोरोगोजवळ गोंतोर म्हणून गाव आहे, तिथलं पेसांत्रेन १९२६ साली नव्यानं सुरू झालं. तिथं पोरं रोजच्या बोलण्यात अरबी आणि इंग्लिश वापरतात, आठवड्यात ठरलेल्या दिवशी उभं राहून भाषण करायचं असतं, राहण्याच्या खोल्यांची शिस्त मोठी पोरं सांभाळतात, दुकानाचा हिशोब शिकाऊ पोरं आणि तरुण शिक्षक बघतात. पण ह्यासाठी मिस्टरांना जावापर्यंत न्यायची गरज नाही हो. आपल्या दसरा चौकात जाऊन उभं राहा म्हणावं. शाहू महाराजांनी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, कारण त्यांना कळलं होतं की खेड्यातल्या पोराला नुसती शाळा देऊन भागत नाही, राहायला जागा आणि डोक्यावर हात ठेवणारं माणूस लागतं. आणि आपल्याच कुंभोजात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातीधर्माची पोरं एकत्र राहायची, स्वयंपाकाला, शेतात, बांधकामाला स्वतः राबायची, आणि तीच पोरं शिकून पुढं मोठी झाली. कमवा आणि शिका हा शब्द आपल्या घराघरात माहीत आहे. भांडी घासली म्हणून त्यांचा अभ्यास बुडाला नाही.

पण मिस्टरांची शंका मी उडवून लावणार नाही. भांडी घासणं आणि भांडी घासणं ह्यात पण फरक असतो. पाळी सगळ्यांना येते का, मोठ्या घरच्या पोराला पण येते का, काम शिकून झालं की पुढचं काही शिकवतात का, की तीच चार गरीब पोरं वर्षभर मुदबखात आणि शिक्षकांचे कपडे धुण्यात? पहिलं असेल तर शिक्षण, दुसरं असेल तर बेगार, त्याला कितीपण चांगलं नाव दिलं तरी. हे तुम्ही जाऊन डोळ्यानं बघा, दुपारच्या वेळेला, न सांगता.

दुसरं, तो तास कुठनं काढला ते विचारा, हे फार महत्त्वाचं आहे. पोरं फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या, आधी उठतात, सकाळभर सबक, दुपारी जोहरच्या नमाजनंतर कैलुला, म्हणजे थोडी झोप, मग गणित-उर्दू, आणि असर ते मगरिब, म्हणजे संध्याकाळच्या दोन नमाजांच्या मधे, खेळ. नवीन तास कैलुल्यातनं काढला असेल तर मी सरळ मिस्टरांच्या बाजूनं आहे. दुपारची ती अर्धा-पाऊण तास झोप म्हणजे आळस नव्हे, ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे आणि पाठांतर करणाऱ्या पोराला तिची गरज पण आहे. खेळातनं काढला असेल तरी नको. शुक्रवारी हलवा म्हणावं, गुरुवारी संध्याकाळी घ्या, आठवड्यातनं दोनदाच घ्या. मौलानांकडे ‘क्लास बंद करा’ म्हणून जाऊ नका, ‘क्लासची वेळ बदला’ म्हणून जा. आणि दोन महिन्यात सबक वाढला का, मार्क वाढले का असं मोजू नका. असल्या गोष्टी भाकरी थापण्यासारख्या असतात, हाताला वळण लागायला वेळ जातो.

दिरांचं म्हणणं. १४ पारे झालेलं पोरगं मधेच उचलून इंग्लिश मीडियमच्या सातवी-आठवीत बसवलं तर तिथं तो शेवटच्या बाकावर जाईल आणि इथलं पण अर्धवट राहील, मला ते पटत नाही, निदान तो स्वतः मागत नाही तोपर्यंत. पण दिरांच्या बोलण्यात एक खरी काळजी आहे, ती म्हणजे दहावीचा कागद. तो लागतोच. आयटीआयला लागतो, नोकरीला लागतो, उद्या मदरशात शिकवायला गेला तरी लागेल. मुलगा १४ चा झाला की एनआयओएसमधनं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातनं, दहावीला नाव घालता येतं. वर्षातनं दोनदा परीक्षा, पाच विषय, सगळे एकदम द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत हळूहळू देता येतात. उर्दू, अरबी, मराठी ह्यातनं भाषा निवडता येतात, म्हणजे त्याची मदरशातली मेहनत पण तिथं कामाला येईल. आपल्या राज्य मंडळाचा बाहेरनं दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म पण असतो, त्याची चौकशी जवळच्या हायस्कुलात करा. मदरशात गणिताला शिक्षक कमी पडत असेल तर मौलानांना विचारा की डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत अर्ज केलाय का, राज्य सरकार त्यातनं गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना मानधन देतं.

आणि मराठी. पाचवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं पोरगं दोन वर्षं मराठी वाचलं नसेल तर हात सुटतो. केएमटी बसची पाटी, रेशनचा फॉर्म, सातबारा, पोलीस स्टेशनातला जबाब, सगळं मराठीत आहे. दर आठवड्याला त्याला घरून एक मराठी पत्र पाठवा, तुमच्या हातानं, आणि त्यानं चार ओळी मराठीत उलट लिहायच्या. हे पण स्किलच आहे, आणि त्याला क्लासची गरज नाही.

शेवटचं, आणि हे नाजूक आहे. ‘बरंय’ ह्या शब्दाला फसू नका. लांब राहणारं पोरगं आईला त्रास नको म्हणून बरंय म्हणतं, कधी शेजारी कोणी उभं असतं म्हणून बरंय म्हणतं. फोनवर त्याला एकट्याला बोलू देतात का हे नक्की बघा, आणि देत नसतील तर तसा आग्रह धरा, कुठल्याही संस्थेत, मदरसा असो नाहीतर पन्नास हजार फीचं स्कूल असो. बरा आहेस का असं विचारू नका, त्याला उत्तर ‘बरंय’च येणार. विचारा, रात्री तुझ्या शेजारी कोण झोपतं? काल कोणाला शिक्षा झाली? आज सबक ऐकवताना कुठं अडकलास? कोणाची भीती वाटते का तिथं? आणि तो काही बोलला तर लगेच चिडू नका, अब्बाला पण सांगा चिडू नका म्हणून, नाहीतर ते दार परत बंद होतं. आणि १०९८ हा नंबर त्याला तोंडपाठ करून द्या, मुलांच्या मदतीचा नंबर आहे, फुकट लागतो. ज्यानं १४ पारे पाठ केलेत त्याला चार आकडे काहीच नाहीत.

ह्या शुक्रवारी दोघं मिळून जा. मिस्टरांना म्हणावं, मौलानांकडे नंतर, आधी पोराला बाहेर चहाच्या गाडीवर न्या, त्याचे हात हातात घ्या, बोटांच्या बेचक्या बघा, आणि तुमच्याकडनं पहिला जॉब कसा बिघडला होता आणि मिस्त्रीला कसं सांगितलं होतं ते त्याला सांगा. बापानं स्वतःची चूक सांगितलेली मुलानं बहुतेक कधी ऐकलेली नसते. मग तो काय बोलतो ते मला लिहून कळवा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते पण.